बाटली, नळ आणि आक्काची विहीर

१४ सप्टेंबर २००३, गोंडपिपरी

पनू घरी आली. एकवीस दिवस चंद्रपूरच्या दवाखान्यात होती. डोळे पांढरे झाले, हळदीसारखा रंग गेला. एसटीत पूर्ण वेळ माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली. कोठारीच्या पुढे जंगल लागलं तेव्हा जागी झाली न् म्हणाली, "बाबा, भूक लागली."

महिन्याभरानंतर हे दोन शब्द ऐकले. खिडकीकडे तोंड करून बसलो. चौदा वर्षांच्या पोरीसमोर बापानं रडायचं नसतं म्हणतात.

डॉक्टर निघताना म्हणाले, "कावीळ पाण्यातूनच आली. पाणी सांभाळा." भला माणूस. त्याचा हात हातात घ्यायचा राहून गेला.

१६ सप्टेंबर

पाणी उकळून, गाळून, गार करून दिलं. पनू पीत नाही. म्हणते वास येतो. नळ सुटल्याचा आवाज आला तरी तोंड फिरवते. तिच्या आईचा, सु. चा (सुशीलाचा) जीव कासावीस. शेवटी बसस्टँडवरून सीलबंद बाटली आणली. पनूनं स्वतः सील तोडलं, नाकाशी धरली, गटागटा अर्धी संपवली.

सु. म्हणाली, "पोरगी पेली न, बस्स झालं."

बस्स झालं. बाटली तर बाटली.

५ ऑक्टोबर

आता तिघंही बाटलीच. पनूचा हट्ट, "तुमाले झाली तं मी काय करू?" दुकानदार खोकंच घरी पाठवतो. तिनं आपल्या बाटल्यांवर मार्करनं लिहायला सुरुवात केली: 'पनूची. हात लावू नये.' अक्षर मात्र सुरेख. शाळेत सुटलेला अभ्यास घरी भरून काढते आहे. वजन वाढलं. घरात पुन्हा भांडण, हसणं, रेडिओ. एवढं मिळालं, अजून काय पाहिजे.

२ नोव्हेंबर

रिकाम्या बाटल्यांचं काय करावं कळत नाही. सु. नं काहींत रॉकेल भरलं, काहींत जवस, लाखोळीची डाळ. किती भरणार? परसात पोती लागली. परवा सकाळी पेटवून पाहिलं. काळा, चिकट धूर. शेजारचे दम्याचे काकाजी खोकत खोकत कुंपणापाशी आले. कुंपण धरून उभे राहिले. पाणी ओतून विझवलं. अर्धवट जळालेला गोळा अजून तिथेच आहे.

मग एक पोतं सायकलवर टाकून शाळेमागच्या नाल्यात टाकून आलो. हे कोणाला सांगितलं नाही. इथे लिहितो.

२० नोव्हेंबर

आज शाळेत श्रमदान. सातवीचा वर्ग घेऊन नाल्यावरची मोरी मोकळी करायला गेलो. मोरी तुंबली होती, पाणी मैदानात शिरत होतं. एक मुलगी हातात बाटली घेऊन आली.

"गुरुजी, याच्यावर पनूताईचं नाव हाय."

सगळा वर्ग पाहायला लागला. मागच्याच आठवड्यात मी 'आपला परिसर' हा धडा शिकवला, फळ्यावर चित्र काढून. नाल्यात वाहून आली असेल, असं म्हणता आलं असतं.

"मीच टाकली," म्हटलं.

कोणी हसलं नाही. तीच मुलगी सरळपणे म्हणाली, "मंग उचला न गुरुजी."

चपला काढल्या, पँट दुमडली, उतरलो. दोन पोती निघाली. सगळ्या माझ्या नव्हत्या, पण पुष्कळ होत्या. मोरी मोकळी झाल्यावर पाणी धडधडत गेलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीनं माझी लाज काढली, पण कशी हलक्या हातानं काढली. तिचे आभार मनातच मानले.

भंगारवाला म्हणतो, चांगल्या असतील त्या नेतो, चेपलेल्या नाही. चेपलेल्याच जास्त आहेत.

११ जानेवारी २००४

आक्का आली. आंबेडोहहून, डोक्यावर नव्या तांदळाची थैली. माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा, आक्का सोळाची. तिनंच वाढवलं, तिनंच शाळेत घातलं. स्वतः मात्र अक्षर शिकली ती पन्नाशीनंतर, गावातल्या साक्षरता वर्गात. तेव्हापासून जे दिसेल ते वाचते. साबणाचा कागद, एसटीची पाटी, औषधाची चिठ्ठी.

जेवायला बसली. पनूनं कौतुकानं आपली बाटली तिच्यापुढे ठेवली. आक्कानं ती उचलली, डोळ्यांजवळ धरली न् बोट फिरवत वाचायला लागली. "शु-द्ध... पे-य... ज-ल." पनू हसत होती. बोट खाली सरकलं. "स्थ-ळ... आं... बे... डो... ह."

बोट तिथेच थांबलं.

"बापू, हे तं आपल्या गावचं पानी व्हय."

मी चार महिन्यांत एकदाही ते लेबल वाचलं नव्हतं. मास्तर मी.

गावाच्या वेशीवर पाण्याचा कारखाना झाला हे माहीत होतं. पण आपल्या घरात येणारं पाणी तिथलंच, हे डोक्यात आलं नाही. आक्कानं दोन घोट घेतले. "चवच नाई राह्यली याले," म्हणाली. मग भात कालवता कालवता, अगदी सहज, "विहिरीचं पानी तळाले गेलं बापू. पौषात असं कधी झालं नाई. उन्हाळ्यात काय होते त काय माईत."

रागाचा एक शब्द नाही. राग असता तर सोपं गेलं असतं.

१८ जानेवारी

आंबेडोहला जाऊन आलो.

ही विहीर आमच्या बापानं खोदली. एकट्यानं नाही, वस्तीतल्या सगळ्यांनी. तेव्हा गावच्या विहिरीवर आमच्या बायकांना हात लावू देत नसत. वरून कोणी ओतलं तर प्यायचं, नाही तर बोडीचं, तळ्यातलं गढूळ. छप्पन साली धम्म घेऊन नागपूरहून परतल्यावर बाप म्हणाला होता, आता मागायचं नाही, खोदायचं. दोन उन्हाळे लागले. दगड बैलगाडीनं आणले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. आक्का सांगते, ती टोपलीनं माती वाहत होती. पहिलं पाणी लागलं तेव्हा बाप आत उभा, वरून सगळे ओरडत, न् तो वर यायलाच तयार नाही.

आज वाकून पाहिलं. मध्यभागी डबकं, बाकी चिखल. एक बाई दोर सोडून बसली होती. झरा भरायची वाट पाहत.

मग कारखान्यावर गेलो. पत्र्याची शेड, दोन खोल बोअर, मोटरीचा एकसारखा घरघराट. मॅनेजर तरुण, बोलायला चांगला. माझी चौकशी ऐकली न् पुढ्यात काय ठेवलं? गार बाटली. म्हणाला, "सर, आमची परवानगी आहे. जमिनीखालचं पाणी कोणाचं, हे कोण सांगणार?" आत वस्तीतल्याच सहा बाया लेबलं चिकटवत होत्या. दोघी माझ्या ओळखीच्या. त्यांनी मान खाली घातली, मीही.

आक्काच्या घरी परत आल्यावर तिला म्हटलं, बंद पाडलं पाहिजे हे. ती म्हणाली, "बंद करा नाई म्हणत मी. त्या बायांची चूल पेटते त्याच्यावर. कमी उपसा म्हणतो. आमाले पेयले ठेवा म्हणतो."

२४ जानेवारी

घरी तीनदा विषय काढला. बाटली सोडू या. सु. म्हणते, "आक्काचं मले समजते. पन पोरीले पुन्हा झाली तं?" पनू ऐकत होती. उठून गेली. आज दुकानदाराचं खोकं आलं ते घेतलं.

२ फेब्रुवारी

सु. नंच वाट काढली. मला न सांगता रहीमभाऊंना बोलावलं. रहीमभाऊ म्हणजे गावातले जुने नळ-फिटर. मशिदीमागे घर, पांढरी दाढी, सायकलला पाने-पक्कड लटकलेले. आले, चहा घेतला न् विचारलं, "गुरुजी, तुमचा पाइप कुठून येते ते कधी पाह्यलं का?"

नाही पाहिलं. अठरा वर्षं राहतोय इथे.

घरामागून नालीच्या कडेनं चालत गेले. एके ठिकाणी उकिडवे बसले, काडीनं गाळ बाजूला केला. आमचा पाइप नालीच्या आतून गेलेला. गंजून चाळणी झालेली.

"हे पाहा. नळाले पानी राह्यते तेव्हा काई नाई होत, पानी बाहीर फेकते. पानी बंद झालं का पाइप रिकामा, मंग तो नालीतलं ओढते. दुसऱ्या दिवशी तेच तुमच्या घागरीत." मग वर पाहून, "टाकीचं पानी खराब नाई गुरुजी. रस्ता खराब हाय."

सु. खाली बसली. सहा महिने गावच्या पाण्याला बोल लावले. दोष हातभर पाइपाचा. हेच आधी पाहिलं असतं तर पनू...

रहीमभाऊंनी ते वाक्य पूर्ण करू दिलं नाही. "जाऊ द्या. पोरगी बरी हाय न? अल्लाचे शुक्र माना न् फावडं आना."

८ फेब्रुवारी

नवा पाइप बसला. नालीच्या वरून, भिंतीला धरून. शेजारच्या दोन घरांचेही पाइप तिथेच बुडालेले होते. काकाजींचा एक. तेही वर घेतले. काकाजी दम लागत असतानाही खुर्ची टाकून देखरेखीला बसले होते. मी धुराबद्दल त्यांची माफी मागितली. म्हणाले, "कोन्ता धूर?" विसरले नाहीत, मला माहीत आहे.

१६ फेब्रुवारी

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं नळाच्या पाण्याचा नमुना चंद्रपूरला पाठवला होता. कागद आला. 'पिण्यास योग्य.' दोनदा वाचला. सु. नं तो देवाच्या... म्हणजे बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला.

पनू म्हणाली, "कागदाचं काय, बाबा."

बरोबर आहे तिचं. ठरवलं, मी न् सु. आधी पिऊ. तिनं पाहावं.

२७ फेब्रुवारी

रोज सकाळी पनू डॉक्टरीण होते. मला उजेडात उभं करते, अंगठ्यानं खालची पापणी ओढते, डोळ्याचा पांढरा भाग तपासते. मग आईचा. "जीभ." जीभ दाखवायची. वहीत 'ठीक' असं लिहिते. शाळेला उशीर होतो पण नाही म्हणवत नाही. दवाखान्यात मी तिचे डोळे असेच पाहत होतो. तिला ते आठवतं का, विचारलं नाही.

घरात आता एकच बाटली लागते, तिची.

१४ मार्च

पनूला घेऊन आंबेडोहला. दप्तरात तिची बाटली होतीच.

आक्का विहिरीवर होती. दोर सोडून दगडावर बसलेली. आम्हीही बसलो. आत झरा, बोटाएवढी धार. बादली बुडेल एवढं साठायला वेळ लागतो. साठलं की एका बाईनं ओढायचं, मग दुसरीची पाळी. भांडण नाही. कोणाच्या घरी पाव्हणे आहेत, कोणाचं बाळ आजारी, हे पाहून पाळी पुढे-मागे करतात. आज आम्ही पाव्हणे म्हणून आक्काला आधी दिली. आक्का नको म्हणत होती.

पनूनं विचारलं, "आत्या, कितीक वेळ बसते तू?"

"बसतो. गोठी होतात न. घरी बसून तरी काय करू?"

घरी आल्यावर आक्कानं तेच पाणी फडक्यानं गाळून, उकळून, गार करून पनूला पितळी गडव्यात दिलं. "तुह्यासाठी उकळलं. भेव नोको." पनू गडव्याकडे पाहत राहिली. मला वाटलं आता दप्तर उघडते. सु. बरोबर असती तर तिनंच उघडलं असतं.

पनूनं गडवा उचलला न् सगळं प्यायली. एक थेंब ठेवला नाही. आक्का तिचं तोंड पदरानं पुसत म्हणाली, "सावकाश वो माय."

परतीच्या गाडीतही दप्तर उघडलं नाही.

१५ मार्च

सकाळी नळ आला. मी दाढी करत होतो. पनू उठली, नळाखाली लोटी धरली, उभ्या उभ्या अर्धी प्यायली. मग माझ्याकडे वळून, जरा चिडूनच, "आता पंधरा दिवस तुम्ही माह्ये डोये पाहा."

सु. स्वयंपाकघरात. फोडणी करपल्याचा वास आला. ती आतच डोळ्यांना पदर लावून उभी होती.

३० मार्च

पंधरा दिवस झाले. डोळे स्वच्छ. दुकानदाराला खोकं पाठवू नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "काऊन गुरुजी, दुसरी कंपनी पायजे का?" म्हटलं, नाही, नळ आहे. त्याला वाटलं मी थट्टा करतो.

रहीमभाऊंच्या घरी जाऊन आलो. आक्काचे तांदूळ नेले. काही घेत नव्हते. तांदूळ मात्र नाकाशी लावले न् ठेवून घेतले.

१४ एप्रिल

जयंती. दर वर्षी मिरवणुकीत पाण्याची पाकिटं न् बाटल्या वाटतात. दुसऱ्या दिवशी रस्ता पांढरा. यंदा समितीत म्हटलं, रांजण ठेवू. दोघं-तिघं कुरकुरले, लोक पिणार नाहीत. रहीमभाऊंनी आपल्या मोहल्ल्यातून चार रांजण आणले, स्वतः घासले, नळाच्या पाण्यानं भरले, वाळा टाकला. ओगराळ्यानं वरून ओतायचं, ओंजळ धरायची. लोक प्यायले. ऊन असं होतं की दुपारपर्यंत दोनदा भरावे लागले. पनू एका रांजणावर उभी होती. कोणी विचारलं, "नळाचं हाय का?" तर ती ठासून, "हो. मी पेतो रोज."

रस्ता पांढरा झाला नाही असं म्हणणार नाही. कमी झाला.

१ मे

आंबेडोहची ग्रामसभा. आक्का आयुष्यात पहिल्यांदा सभेत उभी राहिली. आदल्या दिवशी मला म्हणाली होती, भाषण लिहून दे. मी लिहून दिलं, दीड पान. तिनं कागद हातात धरला, पहिली ओळ वाचली न् घडी घालून कमरेला खोचला.

"मले हे नाई येत. मी साधं सांगतो. ही विहीर माह्या बापानं खोदली. पानी कोनाचं हाय मले माईत नाई. पन मी मातीची टोपली वाह्यली डोक्शावर, हे माईत हाय. कारखाना चालू ठेवा. आमच्या सहा बाया हायेत तिथी. पन दिवसाले किती उपसता ते आमाले सांगा, न् उन्हाळ्यात एक मोटर बंद ठेवा. एवढंच."

लेबलं चिकटवणाऱ्या सहा बायांपैकी एकीनं पहिला हात वर केला. मग बाकीच्यांनी. मला वाटलं नव्हतं. ठराव झाला. सरपंचांनी अर्ज वर पाठवतो म्हटलं. मॅनेजर मागे उभा होता, म्हणाला मालकांना कळवतो. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

सभेतून निघालो तेव्हा दोन्ही मोटरी चालू होत्या.

२२ मे

ठरावाच्या अर्जावरून भूजल खात्याचे साहेब येऊन गेले. मी सुट्टीमुळे आक्काकडेच होतो. त्यांनी विहिरीत टेप सोडला, खोली मोजली, वस्तीतली आणखी एक विहीर मोजली, मग कारखान्याकडे गेले. तिथे बराच वेळ लागला. परत आले तेव्हा घामानं भिजलेले. जीपमध्ये त्यांची बाटली होती, पण आक्कानं गडवा पुढे केला न् त्यांनी तो घेतला. उभ्या उभ्या प्यायले न् म्हणाले, "बाई, अजून आहे का?"

आक्कानं आणखी दिलं. ते सकाळपासूनचं साठवलेलं होतं. मी पाहत होतो, मडक्यात किती उरलं ते. ती पाहत नव्हती.

"काय लिहिलं सायेब?" तिनं विचारलं.

"जे मोजलं ते. पुढं वरचे ठरवतील."

जीप गेली. वस्तीतले लोक विचारायला लागले, काय होईल? मला माहीत नाही. पाऊस लांब आहे. अहवाल कधी येईल, त्यात काय असेल, मालक मानेल का, काहीच माहीत नाही.

तोपर्यंत हात बांधून बसायचं नाही असं बायांनीच ठरवलं. उद्या विहिरीतला गाळ काढायचा. झरे मोकळे झाले तर धार वाढेल, न वाढली तरी विहीर साफ होईल. रहीमभाऊ दोर न् ओढायची गडगडी घेऊन सकाळच्या गाडीनं येताहेत, सु. न् पनूही त्यांच्याबरोबर. मॅनेजरनं निरोप पाठवलाय, चार माणसं देतो. देतो की नाही ते उद्या दिसेल.

आक्का विचारते, आत कोण उतरेल? मी म्हटलं, मी. पंचेचाळीस वर्षांचा झालो, ह्या विहिरीचं पाणी पिऊन वाढलो, आत कधी पाय ठेवला नाही. आक्का हसली. "पोट आत घे मंग," म्हणाली न् जुनं धोतर शोधायला गेली.